कुल्फीतली करकर आणि आठ लाख वर्षांचा बर्फ

गुरुवार हा पुण्यात लाईट जायचा वार. आमच्या मांजरीत मे महिन्यातल्या एका गुरुवारी ती सकाळी दहाला गेली आणि रात्री आठला आली. मी दिवसभर ऑफिसच्या एसीत, मला कशाचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर फ्रीजर उघडला, आईने दोन लिटर दूध आटवून करून ठेवलेल्या कुल्फीचा साचा काढला, पहिला घास तोंडात टाकला आणि... करकर! दाताखाली चक्क वाळू. चव तीच, वेलची तीच, केशर तेच. पण ती मऊशार कुल्फी काही राहिली नव्हती. आईला फोन लावला तर ती शांतपणे म्हणाली, "अगं, एकदा पातळ झालेली कुल्फी परत लावायची नसते. दाणा धरते ती."

दाणा धरते! तुपाबद्दल ऐकलं होतं, कुल्फीबद्दल पहिल्यांदाच.

पण आईचं शंभर टक्के बरोबर आहे. चांगल्या कुल्फीत किंवा आइस्क्रीममध्ये बर्फाचे स्फटिक असतातच, फक्त ते इतके बारीक असतात की जिभेला कळत नाहीत. मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागापेक्षा मोठे झाले की ते जाणवायला लागतात. तापमान वर-खाली झालं की लहान स्फटिक विरघळतात आणि त्यांचं पाणी शेजारच्या मोठ्या स्फटिकांवर जाऊन गोठतं. मोठे आणखी मोठे होतात, लहान गायब होतात. ऑफिसात ज्याला आपण मर्जर म्हणतो ना, तेच. आणि एकदा झालेलं मर्जर फ्रीजर कितीही थंड केला तरी उलटत नाही. वितळवा, ढवळा, पहिल्यापासून सुरू करा.

याचं कारण नेटवर शोधता शोधता रात्रीचा एक वाजला आणि मी कुल्फीवरून थेट अंटार्क्टिकावर पोचले. जगात काही माणसं तीन-तीन किलोमीटर खोल भोक पाडून बर्फाचे लांबच लांब दांडके बाहेर काढतात आणि त्यातला दाणा मोजतात. याला बर्फाचा गाभा म्हणायचं. वरचा बर्फ नवा, खालचा जुना. थरावर थर, वर्षावर वर्ष. आणि थराथरातला दाणा वेगळ्या मापाचा. तो तसा का, या प्रश्नावर लोकांनी आख्खी करिअर्स काढली आहेत.

दाणा कळणारं गाव

तसं बघितलं तर दाणा मोजण्याचा विषय मांजरीत काढायला काहीच हरकत नाही. आपण आयटीवाले इथे फ्लॅट घ्यायला यायच्या कितीतरी आधीपासून इथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झाली, पुढे वसंतदादा पाटलांचं नाव लागलं. साखर म्हणजे शेवटी स्फटिकच. पेपरात साखरेच्या भावात 'एस-३०' आणि 'एम-३०' असं लिहिलेलं असतं, त्यातलं अक्षर म्हणजे दाण्याचं माप: स्मॉल, मीडियम. आकडा रंगाचा. इतकी वर्षं मी ते वाचून पान उलटत होते.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. आयुष्यभर साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे जिथे उसाचा दाट पाक उकळून त्यात साखरेचा दाणा धरवतात ती मोठी बंद कढई. पाकाचा नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा कसा वाढतोय ते डोळ्यांनी ठरवायचं, हे त्यांचं काम. शनिवारी सकाळी चहाला बसल्यावर मी त्यांना अंटार्क्टिकाचा किस्सा सांगितला.

"त्यात काय अवघड आहे?" काका म्हणाले. "चाळणीवर टाकायचं. वर किती राहिलं, खाली किती गेलं, वजन कर. झालं."

"अहो काका, बर्फ चाळणार कसा? सगळे दाणे एकमेकांना चिकटलेले असतात."

काका थांबले. "हां. तेही खरंच."

इथेच खरी गोम आहे. साखरेचे दाणे सुटे असतात. ध्रुवावरच्या खोल बर्फात दाण्यांच्या मध्ये, मधूनमधून अडकलेले हवेचे बुडबुडे सोडले तर, रिकामी जागाच नसते. साबणाच्या फेसातल्या फुग्यांसारखे ते एकमेकांना घट्ट टेकून बसलेले असतात. एकाची भिंत तीच दुसऱ्याची भिंत. तुकडा हातात घेऊन बघितलात तर काचेसारखा एकसंध दिसेल, आत दाणा आहे याची शंकासुद्धा येणार नाही.

मग तो दिसतो कसा? गाभ्याचा एक काप कापतात, काचपट्टीला चिकटवून गोठवतात आणि रंध्यासारख्या धारदार पात्याने किसत किसत ०.३ मिलिमीटरपर्यंत पातळ करतात. हे सगळं उणे पंधरा-वीस अंशांच्या खोलीत, जाडजूड हातमोजे घालून. मग ती पट्टी दोन पोलरॉइड काचांमध्ये ठेवायची. या काचा एकमेकींना आडव्या ठेवल्या की त्यांच्यातून प्रकाश जात नाही, सगळं काळंकुट्ट दिसतं. पण मध्ये बर्फ आला की चमत्कार होतो. बर्फाचा स्फटिक त्यातून जाणाऱ्या प्रकाशाला आपल्या अंगाने पीळ देतो. प्रत्येक दाण्याची बैठक वेगळी, म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा: एक निळा, शेजारचा पिवळा, त्याच्या पलीकडचा जांभळट. गोधडीच म्हणा ना, रंगीत तुकडे शिवलेली. मग तुकडे मोजायचे.

पूर्वी हे मोजणं हाताने चालायचं. फोटो काढायचा, दाण्यांच्या कडा गिरवायच्या, ठराविक जागेत किती दाणे आले ते मोजून सरासरी क्षेत्रफळ काढायचं. किंवा फोटोवर सरळ रेघ मारायची आणि ती किती कडा ओलांडते ते मोजायचं. आता ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या यंत्रासारखी यंत्रं आहेत, ती पट्टी आपोआप वेगवेगळ्या कोनांतून बघतात आणि प्रत्येक दाण्याची दिशासुद्धा सांगतात. काम दिवसांवरून मिनिटांवर आलंय. वाद मात्र मिटलेले नाहीत.

वाद कसला? तर आपल्या मांजरीचंच उदाहरण घेते. इथे द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे, तेव्हा समजा जेलीत द्राक्षं घालून ती लादी गोठवली आणि सुरीने मधून कापली. कापलेल्या पृष्ठभागावर काही द्राक्षं बरोबर मध्यावर कापली जातील, काहींचं नुसतं टोक दिसेल. सगळी द्राक्षं एकाच मापाची असली तरी तुम्हाला लहान-मोठी चकत्यांची सरमिसळ दिसणार, आणि सरासरी खऱ्यापेक्षा लहान येणार. बर्फाचंही तेच. त्यात आणखी एक प्रश्न: किती लहान तुकड्याला दाणा म्हणायचं? तीन दाण्यांच्या कोपऱ्यात बसलेला इटुकला ठिपका दाणा आहे की मोठ्या दाण्याचं टोक? तो धरला तर सरासरी खाली येते, सोडला तर वर जाते. म्हणजे एकाच बर्फाला दोन प्रयोगशाळा दोन आकडे देऊ शकतात आणि दोघी प्रामाणिक असू शकतात. आपल्या अप्रायझलसारखं झालं हे. म्हणून दोन गाभ्यांची तुलना करताना आकड्याच्या आधी पद्धत विचारतात.

थंडी की धूळ?

आता मुद्द्याचं. एवढा खटाटोप कशासाठी?

१९६० च्या दशकात अँथनी गाऊ या शास्त्रज्ञाने अंटार्क्टिकातल्या घट्ट होत जाणाऱ्या बर्फात दाणे मोजले आणि एक सोपा नियम दिसला: दाण्याचं सरासरी क्षेत्रफळ काळाबरोबर एकसारख्या गतीने वाढतं. गती ठरते तापमानावर. जितकी थंडी जास्त तितकी वाढ हळू. म्हणजे माझ्या फ्रीजरमध्ये एका दिवसात जो गोंधळ झाला तसलाच प्रकार तिथे उणे पन्नास अंशांना हजारो वर्षं चालतो. दाणा म्हणजे घड्याळच की!

पण खोल गेल्यावर घड्याळ मागे पडायला लागलं. रशियाच्या व्होस्तोक तळावर (तोच, जिथे २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ अंश नोंदलं गेलं) काढलेल्या गाभ्यात हिमयुगातल्या थरांमधले दाणे वयाच्या मानाने लहान निघाले. फ्रान्सच्या झाँ-रोबेर पेती आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडलं की बर्फाला तो पडला तेव्हाच्या थंडीची आठवण राहते: हिमयुगात पडलेला बर्फ सुरुवातीपासूनच हळू वाढतो आणि पुढेही हळूच वाढत राहतो. कल्पना इतकी सुंदर की खरी असावीशी वाटते.

संशय मात्र दुसऱ्याच आरोपीवर गेला. धूळ! हिमयुगात जग कोरडं होतं, वारे जोरात होते, आणि अंटार्क्टिकावर दक्षिण अमेरिकेच्या पॅटागोनियातून आजच्या कितीतरी पट धूळ येऊन पडत होती. ही धूळ दाण्याच्या कडेवर बसते आणि कडेला सरकू देत नाही. कड सरकली नाही तर दाणा वाढणार कसा? युरोपातल्या दहा देशांनी मिळून डोम-सी इथे डिसेंबर २००४ मध्ये ३,२७० मीटरपर्यंत भोक पाडलं आणि आठ लाख वर्षांचा गाभा हाती आला. त्यातले दाणे मोजल्यावर धुळीची बाजू भक्कम झाली. हिमयुग आलं, धूळ वाढली, दाणा बारीक. हिमयुग सरलं, धूळ कमी, दाणा जाड. पुन्हा पुन्हा, तोच ठेका.

मला यात आईची कुल्फी दिसली. मावा, साखर, थोडं कॉर्नफ्लोअर हे सगळं बर्फाच्या दृष्टीने कचराच, पण तोच दाण्याला आवरून धरतो. अंटार्क्टिकात ते काम पॅटागोनियाची माती करते. (रीत तंतोतंत तीच नाही, पण खवय्यांनी एवढं चालवून घ्यावं.)

आणि हे नुसतं इतिहासाचं वेड नाहीये. बारीक दाण्याचा, धूळमिश्रित हिमयुगीन बर्फ वरच्या नव्या बर्फापेक्षा जास्त सहज वाहतो, असं ग्रीनलंडमध्ये दिसलंय. बर्फ घन असला तरी स्वतःच्या वजनाने मधासारखा सरकत समुद्राकडे जातो. किती वेगाने, हे ठरवायला दाणा माहीत हवा. आणि समुद्र किती वर येणार याचा हिशेब ज्यांच्या दाराशी येऊन थांबतो, त्यात आपली मुंबई आहे, रत्नागिरी आहे, मालवण आहे.

अठ्ठावीस किलोमीटरचा घोळ

या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ग्रीनलंडची. तिथे शेजारीशेजारी, जेमतेम २८ किलोमीटरवर, दोन भोकं पाडली गेली. युरोपियनांचं १९९२ मध्ये ३,०२९ मीटरवर संपलं, अमेरिकनांचं १९९३ मध्ये ३,०५३ मीटरवर. वरचे नव्वद टक्के गाभे एकमेकांशी अगदी हुबेहूब जुळले. पण १९९३ मध्ये युरोपियनांनी तळाकडचा बर्फ वाचून एक बॉम्ब टाकला: सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात, म्हणजे आजच्यासारख्या हवेत, तापमान अचानक कोसळत होतं, परत उसळत होतं. बातमी भयंकर होती. म्हणजे आपल्याही काळात असं कधीही होऊ शकतं?

अमेरिकन गाभ्यात तळाशी वेगळंच चित्र. दोघांपैकी एक चूक, किंवा दोघंही. मग लोकांनी बर्फाकडेच बारकाईने बघितलं. दाण्यांचे आकार, त्यांची बैठक, थरांचा कल. अमेरिकन गाभ्यात खोलवर दाण्यांच्या तिरप्या पट्ट्या सापडल्या: आजूबाजूच्या दाण्यांपेक्षा वेगळ्या दिशेला बसलेले दाणे, आणि त्यांच्याभोवती चिमुकल्या घड्या. तळाशी वाहता वाहता थर दुमडले होते. चादर विस्कटावी तसे. पानांचा क्रमच उलटसुलट झालेलं पुस्तक वाचून सगळे घाबरले होते! तळाच्या त्या भागावरून काढलेले हवामानाचे निष्कर्ष मागे ठेवावे लागले. दाणा बघितला नसता तर ती भीती किती वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिली असती कोण जाणे.

म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये युरोपियन गटाने अंटार्क्टिकात लिटल डोम-सी इथे २,८०० मीटर खोल खडक गाठला आणि किमान बारा लाख वर्षांचा बर्फ काढल्याचं जाहीर केलं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो "दाणा कसा आहे?" एवढी मी बिघडले आहे.

कारण तळाशी मोजपट्टीच संपते. व्होस्तोकचं भोक १९९८ साली ३,६२३ मीटरवर थांबलं तेव्हा शेवटचा काही भाग हिमनदीचा नव्हताच. खालच्या तळ्याचं पाणी गोठून वर चिकटलेलं होतं. त्यात एकेक स्फटिक एक मीटरपर्यंतचा. गाभ्याची जाडी दहा-अकरा सेंटिमीटर, म्हणजे आख्खा दांडका एकाच दाण्यातून कापलेला. सरासरी कशाची काढणार? काकांना हे सांगितलं तर ते खूश होऊन म्हणाले, "ती साखर नव्हे. ती खडीसाखर."

लाईट गेली तर?

वर आलेला बर्फ सांभाळणं हे वेगळंच प्रकरण. खाली तो प्रचंड दाबाखाली असतो. वर आला की सैलावतो, तडकतो, त्यातले बुडबुडे आणि दाणे हळूहळू बदलायला लागतात. म्हणून दाणे शक्यतो तिथेच, ताजे ताजे मोजतात. बाकीचा बर्फ गोठवूनच न्यायचा आणि गोठवूनच ठेवायचा. आपल्याकडे ही सोय आहे गोव्यात! वास्कोच्या हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. १९९८ मध्ये स्थापन झालं, २०१८ पर्यंत नावात 'अंटार्क्टिक' होतं. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीमही गोव्याच्याच किनाऱ्यावरून डिसेंबर १९८१ मध्ये निघाली होती. भारतीयांनी अंटार्क्टिकातून काढलेले साठ-पासष्ट मीटरचे गाभे या केंद्रात अभ्यासले गेलेत. त्यात गेल्या काही शतकांचं हवामान आहे. बाहेर नारळ, दमट हवा, फिश थाळी. आत उणे वीस. पुढच्या वेळी गोव्याला गेलात की बीचवर जाताना एवढं लक्षात असू द्या.

आणि मला माझा गुरुवार आठवतो. एप्रिल २०१७ मध्ये कॅनडात, एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात, नव्याने बांधलेल्या शीतगृहाची यंत्रणा बिघडली. खोली चाळीस अंशांपर्यंत तापली. कॅनडाच्या आर्क्टिक भागातून गोळा केलेल्या गाभ्यांचे १८० तुकडे वितळले, एकूण संग्रहाच्या साधारण तेरा टक्के. त्यात हजारो वर्षांचे थर होते. बादलीत पाणी उरलं. ते परत गोठवता येतं, पण मग त्यात कुठला थर कुठला आणि कुठला दाणा कुठला? ज्या हिमटोप्यांवरून ते काढले होते त्या आता वरून वितळतायत, त्यामुळे तोच बर्फ परत जाऊन आणू म्हणायचीही सोय नाही.

रविवार सकाळ, मांजरी बुद्रुक

वाचून वाचून हात शिवशिवायला लागले, म्हणून शेवटी घरीच करून बघितलं. साहित्य: एक जुना एलसीडी मॉनिटर, एक पोलराइज्ड गॉगल, स्टीलच्या ताटलीत गोठवलेलं उकळून गार केलेलं पाणी. मॉनिटरमधून येणारा प्रकाश आधीच पोलराइज्ड असतो, त्यामुळे एक काच फुकटात मिळते. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडायचं, गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवायचा. एका कोनात स्क्रीन काळा पडतो. तिथे थांबायचं.

बर्फाची चकती तव्यावर (गरम नाही, नुसता खोलीच्या तापमानाचा) घासून पातळ केली. पहिल्या दोन फुटल्या. तिसरी साधारण एक मिलिमीटरपर्यंत आली. काकांना वर बोलावलं. मी चकती काचेवर ठेवून स्क्रीनसमोर उभी धरली, काका गॉगल लावून बसले.

"अगं बाबो!" काका म्हणाले.

गुलाबी, हिरवा, परत गुलाबी, एक कोपरा मोरपंखी. नळाच्या पाण्याच्या, आमच्या फ्रीजच्या बर्फात! मी पटकन फोटो घेतला, त्यावर पाच बाय तीन सेंटिमीटरचा चौकोन आखला. माझे दाणे भरले अडतीस. पंधरा चौरस सेंटिमीटर भागिले अडतीस, म्हणजे दाण्याचं सरासरी क्षेत्रफळ ३९ चौरस मिलिमीटर. काकांनी मोजले तर चव्वेचाळीस आले, म्हणजे ३४.

"काका, ते कोपऱ्यातले सहा दाणे नाहीयेत. ती मोठ्याचीच टोकं आहेत."

"तू पॅनवर उभी राहिलीयस का कधी? तो चुकार दाणा आहे. तो धरायचा असतो."

"फोटोत रंग एकच दिसतोय."

"फोटोत नको बघू. काचेवर बघ."

काचेवर बघायला गेलो तर पाणी टेबलावरून खाली ठिबकत होतं.